दीर्घ मुदतीच्या गोळ्या का सुटतात, आणि घरच्यांनी काय करायचं

बीपी, साखर, थायरॉईड, दमा, फिट्स, मनाचे आजार. यांची औषधं पाच दिवसांच्या कोर्सची नसतात, ती वर्षानुवर्षं चालतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली या विषयावर मोठा अहवाल काढला. विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात आणि विकसनशील देशांत हे प्रमाण त्याहून कमी आहे, असं त्यात नोंदवलं होतं. इंदूरच्या पश्चिम भागात औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर माझा दिवस जातो. सुदामा नगर, लोकमान्य नगरकडची कितीतरी मराठी घरं माझी नेहमीची गिऱ्हाइकं आहेत, आणि तो 'निम्मे' आकडा मला मुळीच फुगवलेला वाटत नाही.

गोळी सुटते तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे एक कारण असतं, आणि घेणाऱ्याला ते पूर्ण पटलेलं असतं. घरचे मात्र सगळ्यांची वाटणी दोनच खान्यांत करतात: 'विसरतात' नाहीतर 'ऐकत नाहीत'. मग मोबाईलवर अलार्म लागतो, सात खणांची डबी येते, आणि महिनाभरात दोन्ही अडगळीत जातात. अलार्मचा उपयोग विसरणाऱ्याला होतो. या गोळीनं किडनी जाईल अशी ज्याच्या मनात धास्ती आहे, तो अलार्म बंद करून गोळी कुंडीत टाकतो. म्हणून आधी कारण शोधायचं आणि उपाय त्या कारणाला लागू पडेल असा करायचा. पुढचं सगळं या क्रमानं लिहिलं आहे. एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते: कोणतीही गोळी कमी करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवं. आपलं काम त्यांच्यापर्यंत खरी माहिती पोहोचवण्याचं आहे.

पहिली पायरी: विचारण्याआधी गोळ्या मोजा

'घेतल्या का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. त्यापेक्षा पाकिटं खरं बोलतात. एखाद्या निवांत दुपारी म्हणा, "बाबा, सगळ्या गोळ्या एकदा टेबलावर मांडू या का? कोणत्या संपत आल्यात ते बघून घेऊ." त्यांच्या पाठीमागे कपाट उचकू नका. तेवढ्यानं विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी पाकिटं लपवली जातात.

मांडल्यावर हिशोब सोपा आहे. समजा रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या १ जूनला आणल्या आणि पुढची खरेदी थेट १५ जुलैला झाली. मधले दिवस ४४, गोळ्या ३०. म्हणजे १४ दिवस गोळी पोटात गेलेली नाही, साधारण ६८ टक्केच दिवस औषध मिळालं. अभ्यासांमध्ये बहुतेक वेळा ८० टक्के ही सीमा धरतात आणि त्याखाली गेलं की औषध नीट चालू नाही असं मानतात. दुकानाची बिलं जपून ठेवली असतील तर सहा महिन्यांचा हिशोब पंधरा मिनिटांत निघतो. नेहमीचं दुकान असेल तर तिथल्या संगणकातही तारखा सापडतात.

बघताना एकच गोळी जास्त शिल्लक आहे की सगळ्याच गोळ्या, याकडे लक्ष द्या. सगळ्याच उरल्या असतील तर विसरणं, पैसा किंवा मनाची उदासी. बाकीच्या बरोबर संपल्या आणि एकच उरली असेल, तर ती गोळी जाणूनबुजून टाळली जाते आहे. हा फरक फार मोलाचा आहे, कारण अर्धं निदान इथेच होतं. शिवाय पाकिटांतल्या गोळ्यांची संख्या सारखी नसते, कुठे १०, कुठे १४, कुठे १५. त्यामुळे चार औषधं चार वेगवेगळ्या दिवशी संपतात, आणि 'उद्या आणू' म्हणत एखादं पंधरा दिवस राहून जातं. तिथे गोळी टाळायचा कुणाचा इरादा नसतो.

साखरेच्या रुग्णांसाठी आणखी एक खूण. उपाशीपोटीची साखर ठीक येते, पण एचबीए१सी वाढलेलं. एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतं. तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य आणि गोळ्या कडक पाळल्या तर उपाशीपोटीची साखर सुधारते, तीन महिन्यांचा आकडा सुधारत नाही. या तफावतीला जेवणानंतर चढणारी साखर हेही कारण असू शकतं, म्हणून लगेच आरोप करू नका. पण विचारायला जागा नक्की आहे.

दुसरी पायरी: विचारायची रीत

इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत आता आई-वडील इथे आणि मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला आहेत. रात्री फोन येतो, "आई, गोळ्या घेतल्यास ना?" त्या 'ना'तच उत्तर तयार असतं. आई दुसरं काय म्हणणार? लांब असलेल्या लेकराला काळजीत कोण टाकेल!

त्याऐवजी असं विचारून बघा: "रोजची गोळी कधीमधी सगळ्यांचीच राहते. मागच्या आठवड्यात तुझी किती वेळा राहिली?" इथे राहून जाणं आधीच मान्य केलं आहे, त्यामुळे कबूल करायला लाज वाटत नाही. आकडा मागितला आहे, त्यामुळे नुसतं 'हो' चालत नाही. दुसरा प्रश्न: "ही गोळी कशासाठी आहे असं डॉक्टर म्हणाले?" पाच गोळ्या घेणाऱ्या माणसाला अनेकदा त्यातल्या दोनच ठाऊक असतात. आणि तिसरा, जो मला सगळ्यांत उपयोगी वाटतो: "यातली कोणती घ्यायला नको वाटते?"

हा तिसरा प्रश्न मी काउंटरवरही विचारते. एका काकूंचं बाकी सगळं औषध वेळेवर जायचं, फक्त बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एक मागे पडायची. विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती घेतली की सारखं लघवीला जावं लागतं गं. मंगळवारी आमचं भजनी मंडळ, शनिवारी देवळात. कुठे जाणार मी मधेच उठून?" गोळी शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढणारी होती, ती लघवी वाढवणारच. डॉक्टरांशी बोलून तिची वेळ बदलता येते का, एवढाच प्रश्न होता. घरात मात्र सगळ्यांची समजूत होती की काकू विसरभोळ्या झाल्या आहेत.

कुणी विचारायचं यालाही महत्त्व आहे. वडील मुलाला सांगत नाहीत ते नातवाला सांगतात. सासूबाई सुनेला सांगणार नाहीत, स्वतःच्या बहिणीला सांगतील. विचारून झालं की थांबा. मधेच "अगं पण डॉक्टर म्हणालेत" सुरू केलंत तर पुढचं वाक्य येणारच नाही. पहिल्या दिवशी फक्त ऐका, उपाय दुसऱ्या दिवशी.

मिळालेली उत्तरं तीन ढिगांत लावा: राहून जातं, जमत नाही, आणि घ्यायचीच नाही. एका माणसात तिन्ही असू शकतात. शेवटचा ढीग सगळ्यांत दुर्लक्षित राहतो, म्हणून सुरुवात तिथून करते.

'घ्यायचीच नाही' याच्या मागे काय असतं

"आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" हे पहिलं. रास्त प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. बीपी नॉर्मल आहे ते बहुतेक वेळा गोळीमुळेच. वाढलेल्या बीपीला बहुधा लक्षणच नसतं, म्हणून 'मला तर काही होत नाही' या भरवशावर राहता येत नाही. वजन उतरलं, मीठ कमी केलं, चालणं वाढलं तर डोस कमी होऊ शकतो. पण तो डॉक्टरांनी मोजमाप बघत कमी करायचा.

"एवढ्या गोळ्यांनी किडनी खराब होते." ही भीती मी रोज ऐकते. किडनी निकामी होण्याच्या सगळ्यांत मोठ्या कारणांत ताब्यात नसलेली साखर आणि ताब्यात नसलेलं बीपी ही दोन आहेत. ज्या गोळीला घाबरून ती सोडतात, तीच किडनी वाचवत असते. आणि गुडघे दुखतात म्हणून मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, ज्यांना कुणी घाबरत नाही, त्या मात्र वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनीला खरोखर अपाय करू शकतात, म्हाताऱ्या माणसांत आणि बीपीवाल्यांत जास्तच. धीर द्यायचा असेल तर नुसतं "काही होत नाही" म्हणू नका. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी करा आणि रिपोर्ट त्यांच्या हातात द्या.

मग खरे दुष्परिणाम. इथे थोडं थांबायला हवं, कारण 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावलेल्या कितीतरी तक्रारी त्या गोळीच्या माहितीपत्रकात छापलेल्या असतात.

अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं काहींचे घोटे सुजतात. पाय सुजले की माणूस म्हणतो, बघा, किडनी गेली, आणि गोळी बंद. ही सूज बहुधा गोळीची असते आणि पर्याय असतात, पण हृदय-किडनीची सूज नाही ना हे डॉक्टरांनी बघायचं. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांच्या गटानं काहींना कोरडा खोकला लागतो. तो सुरू होऊन कधी आठवडे, कधी महिने गेलेले असतात, त्यामुळे गोळीशी संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही आणि खोकल्याची बाटल्यांवर बाटल्या औषधं होतात. या खोकल्याला उपाय म्हणजे गोळीचा गट बदलणं. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनं पोट बिघडतं, मळमळतं. जेवणाबरोबर घेतली, डोस हळूहळू वाढवला किंवा सावकाश विरघळणारी गोळी दिली तर बहुतेकांना सोसते.

त्या सावकाश विरघळणाऱ्या मेटफॉर्मिनची एक गंमतशीर नव्हे, चांगलीच काळजीत टाकणारी गोष्ट असते: कधी कधी शौचातून गोळीसारखंच मऊ कवच बाहेर पडतं. ते बघून "गोळी विरघळतच नाही, जशीच्या तशी बाहेर येते" म्हणून औषध सोडलेले लोक मला भेटले आहेत. औषध आत शोषलं गेलेलं असतं, उरतो तो रिकामा साचा. हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं, आणि घरात हा विषय काढणार तरी कोण!

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक न बोललेलं कारण आहे. बीपीच्या काही औषधांनी लैंगिक अडचण येऊ शकते. ती साखरेमुळे किंवा बीपीमुळेही येते, त्यामुळे दोष कुणाचा ते आपल्याला ठरवता येत नाही. पण माणूस गोळीला दोष देतो आणि गुपचूप सोडतो. बायको बरोबर असताना तो डॉक्टरांनाही सांगत नाही. पन्नाशीतल्या माणसानं काही कारण न देता एकच गोळी सोडली असेल, तर पुढच्या भेटीत त्याला दोन मिनिटं डॉक्टरांबरोबर एकटं बसू द्या.

'गोळी गरम पडते' असं म्हणणाऱ्यांना काय होतं ते नेमकं विचारा. कुणाला ॲसिडिटी होत असते, कुणाला तोंड येतं, कुणाला चेहऱ्यावर गरम झळा येतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. आणि जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस सुरू केला असेल तर त्यावरून भांडण नको. "हे घेताय ते डॉक्टरांना सांगू, गोळी मात्र चालू ठेवू" एवढं पटवा. लेबल नसलेल्या, आतले घटक न लिहिलेल्या पुड्यांना मात्र ठाम नकार द्या. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार होत आले आहेत.

दम्याच्या पंपाबद्दलही असंच. 'पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही' या समजुतीनं रोजचा पंप बाजूला पडतो आणि दम लागल्यावरचा तेवढा वापरला जातो. रोजचा पंप श्वासनलिकेची सूज खाली ठेवतो, त्यानं लगेच मोकळं वाटत नाही, म्हणून तो निरुपयोगी वाटतो. वापरल्यावर चूळ भरून टाकायची, म्हणजे तोंड येत नाही.

'जमत नाही'

पैसा हे सांगायला सगळ्यांत जड कारण. पेन्शनवर चालणाऱ्या घरात एक दिवसाआड गोळी घेऊन पाकीट दोन महिने पुरवणारे लोक आहेत, आणि ते मुलांना याचा पत्ता लागू देत नाहीत. इंदूरमध्ये जनऔषधी केंद्रं अनेक वस्त्यांत आहेत, तिथे बीपी-साखर-कोलेस्टेरॉलची बहुतेक औषधं ब्रँडेडपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळतात. बदलताना पाकिटावरच्या मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम पर्चीशी ताडून बघा. सावकाश विरघळणारी गोळी असेल तर तीही तशीच हवी. सरकारी दवाखान्यांत आणि संजीवनी क्लिनिकमध्ये बीपी आणि साखरेची तपासणी होते, मूळ औषधं मोफत मिळतात. उच्च रक्तदाबासाठीचा देशव्यापी उपक्रम २०१७ साली ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यात मध्य प्रदेश होता. त्याचा गाभाच हा होता की ठरलेली मोजकी औषधं सतत उपलब्ध असावीत आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी व्हावी.

कंपनी बदलली की गोळीचा रंग-आकार बदलतो. 'पांढरी गोल सकाळी, गुलाबी लांबट रात्री' अशी ज्यांची खूण आहे ते यात गोंधळतात. कधी सोडतात, कधी जुनी आणि नवी दोन्ही घेतात. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर हा धोका सर्वांत जास्त. डिस्चार्जच्या कागदावर तेच औषध वेगळ्या ब्रँडनं लिहिलेलं असतं आणि घरात जुनं पाकीट असतंच. घरी आल्या आल्या जुन्या-नव्या सगळ्या पाकिटांवरची मूळ नावं जुळवून घ्या, नाहीतर पिशवी घेऊन औषधाच्या दुकानात या. हे बघून देणं आमचं कामच आहे.

डोळे आणि हात विसरू नका. मोतीबिंदू असलेल्याला पाकिटावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. संधिवातानं बोटं वाकडी झालेल्याला गोळी दाबून काढता येत नाही, आणि हे कुणाला सांगायचं त्याच्या जिवावर येतं. अर्धी गोळी तोडायला सांगितली असेल तर तोडून कोण देतं ते विचारा. मोठी गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देताना आधी विचारून घ्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

घरातल्या बाईचं औषध हा या ढिगातला सगळ्यात मोठा भाग आहे, आणि तो कुणाच्या नजरेला येत नाही. सासऱ्यांच्या बीपीची गोळी, सासूबाईंचं इन्सुलिन, मुलाचा पंप, सगळं तिला तोंडपाठ. तिची थायरॉईडची गोळी मात्र चहा पिऊन झाल्यावर आठवते. ती उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवायचं. आता ज्या सकाळी नर्मदेच्या नळाला पाणी यायचं असतं, टाक्या भरायच्या असतात, मुलांचे डबे करायचे असतात, त्या सकाळी हा एक तास आणायचा कुठून? ज्यांची सकाळ अशी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी झोपताना गोळी घेता येते का ते पाहावं. नाहीतर उशाशी गोळी आणि पाण्याची बाटली ठेवून डोळा उघडताच घ्यावी. आणि तिच्या गोळ्या संपण्याची तारीख दुसऱ्या कुणीतरी डोक्यात ठेवावी. हे मी हात जोडून सांगते.

'राहून जातं'

यावरचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. गोळी घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज न चुकणाऱ्या कामाला बांधा: दात घासणं, देवपूजा, रात्रीच्या बातम्या. 'नाश्त्यानंतर' लिहिलेल्या गोळीचं गणित बघा. दुकानदार माणूस सकाळी बाहेरच पोहे-जिलबी खाऊन शटर उघडतो आणि गोळी घरच्या डायनिंग टेबलावर राहते. त्याच्यासाठी एक पाकीट दुकानाच्या गल्ल्यात असू द्या. स्कूटरच्या डिकीत नको, मे महिन्यात आत फार तापतं.

सात दिवसांची डबी चांगली, पण सगळ्या गोळ्या उघड्या करून भरू नका. टेल्मिसार्टन हे बीपीचं औषध दमट हवेत बिघडतं, ते घेण्याच्या वेळीच पाकिटातून काढायचं असतं. अशा गोळीचा तुकडा चंदेरी कागदासकट कापून डबीत ठेवा. कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखा.

सगळी औषधं एकाच तारखेला संपतील अशी जुळणी करून द्यायला दुकानदाराला सांगा. एकदा सुट्या गोळ्या देऊन तारीख जुळवली की दर महिन्याला एकच फेरी. पाच दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच ती फेरी करायची.

उपवास हा आपल्या घरांतला खास मुद्दा. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत जेवण नाही, नवरात्रात नऊ दिवस, श्रावणी सोमवार वेगळे. उपवास म्हणून काही जण सगळ्याच गोळ्या सोडतात, तर काही जण पोटात काही नसताना साखरेची गोळी घेतात. दोन्ही धोक्याचं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळ. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या निर्जळी उपवासात त्रास देऊ शकतात. बीपीची गोळी साधारणपणे उपवासातही चालू राहते. उपवासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच आणा आणि देवघरापाशी लावा. साबुदाण्याची खिचडी साखर चढवते, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

ओंकारेश्वर-उज्जैनच्या बसप्रवासात लघवी वाढवणारी गोळी टाळली जाते, विशेषतः बायकांकडून. कारण स्वच्छ बाथरूम मिळत नाही. याही दिवसासाठी आधीच विचारून ठेवता येतं.

एखादी गोळी राहिलीच तर साधारण नियम असा: लवकर आठवलं तर घ्यावी, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडावी, आणि दोन एकदम कधीही घेऊ नयेत. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं आणि फिट्सच्या गोळ्यांचे नियम वेगळे असतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लपवून घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या

फिट्सची आणि मनाच्या आजारांची औषधं बहुतेक वेळा चारचौघांत घेता येत नाहीत म्हणून सुटतात. लग्न ठरताना फिट्सचा उल्लेख टाळलेला असतो. सासरी गेल्यावर मुलगी गोळ्या कपड्यांच्या घडीत ठेवते, पाहुणे असले की राहते, माहेरून पाकीट आलं नाही की राहते. फिट्सची गोळी अशी तुटक घेतली किंवा अचानक थांबवली तर लागोपाठ, न थांबणाऱ्या फिट्स येऊन जिवावर बेतू शकतं. मुलीच्या आई-वडिलांनी लग्नाआधी डॉक्टरांना विचारायची आणखी एक गोष्ट: व्हॅलप्रोएटसारखं औषध गर्भाला अपायकारक ठरू शकतं, ते मूल होण्याचा विचार करण्याआधीच बदलण्याबद्दल बोलावं लागतं. मनानं थांबवायचं नाही, आधी बोलायचं. घरात एका तरी माणसाला, नवऱ्याला, खरं माहीत असणं ही त्या मुलीच्या सुरक्षिततेची गरज आहे.

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. त्यामुळे बरेच जण दहाव्या दिवशी सोडतात. आणि बीपी-साखरेच्या गोळ्याही एकाएकी सगळ्याच सुटल्या असतील, जेवण, गप्पा, पेपर वाचणंही सुटलं असेल, तर तिथे आळस नाही, उदासी असण्याची शक्यता आहे. जोडीदार गेल्यावर हे खूप दिसतं. अशा माणसाला रागावून गोळी देता येत नाही, त्याच्या उदासीवर उपचार व्हायला हवेत.

डॉक्टरांपुढे खरं सांगा, आणि आधी मनानं सुरू करू नका

ही पायरी चुकली तर आधीचं सगळं अंगाशी येतं. रुग्ण सांगतो 'सगळ्या घेतो', बीपी १७० आलेलं असतं, डॉक्टरांना वाटतं गोळ्या पुरत नाहीत, ते आणखी एक वाढवतात. असं दोन-तीनदा झालं की कागदावर चार गोळ्या आणि पोटात एक. मग मुलगा दिवाळीत घरी येतो, काळजीनं चारही गोळ्या समोर बसून द्यायला लागतो, आणि बीपी एकदम उतरून वडील बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतात. साखरेच्या गोळ्यांचंही असंच होतं. म्हणून बऱ्याच दिवसांची सुटलेली औषधं पूर्ण डोसनं परत सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

भेटीला जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि पहिलं वाक्य हेच असू द्या: "डॉक्टर, यातल्या या दोन नियमित घेतल्या, ही आठवड्यातून तीनदा, आणि ही अमुक कारणानं घेतलीच नाही." काही डॉक्टर रागावतील. रागावू देत, पण डोस चुकीच्या माहितीवर ठरायला नको. मग विचारा: दोन औषधं एका गोळीत मिळतील का, सगळं दिवसातून एकदा बसवता येईल का, यातलं एखादं आता बंद करता येईल का, आणि कोणतं एकही दिवस चुकवायचं नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाकिटावर लाल पेनानं खूण करून ठेवा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या, अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या आणि बराच काळ घेतलेलं स्टेरॉईड, ही अचानक थांबवायची नसतात. अँजिओप्लास्टी झालेल्यानं दात काढायचा असला तरी दाताच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं.

घरी बीपी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीला ठेवून मोजा आणि आकडा तारीख-वेळेसह वहीत लिहा. त्याच ओळीत त्या दिवशी गोळी घेतली की नाही तेही लिहा, न घेतल्याबद्दल कुणीही एक शब्द बोलायचा नाही या करारावर. महिनाभराची अशी वही आणि तीन महिन्यांनंतरचं एचबीए१सी घेऊन परत दाखवा. गोळ्या खरोखर वेळेवर जाऊनही आकडे वरच असतील, तर आता औषध किंवा डोस बदलायचा की दुसरं काही कारण शोधायचं, हे त्या वहीवरून डॉक्टरांना ठरवता येईल.